कोणते पुस्तक घेऊ? देवघेवीच्या टेबलाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागाचे काम करताना सभासदांकडून वर्षानुवर्षे जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती मराठीतील आणि मराठीत अनुवादित झालेल्या कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रे व माहितीपर पुस्तके यांपुरतीच आहेत. कविता, नाटके आणि पोथ्या यांची कपाटे वेगळी असून त्यांच्याविषयी विचारणारे वाचक बहुधा काय हवे ते ठरवूनच येतात. शिफारशी अर्थातच एका माणसाच्या आवडीने रंगलेल्या आहेत.

बरीच वर्षे वाचन सुटले आहे. पुन्हा सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

ज्या पुस्तकापाशी वाचन सुटले, त्या पुस्तकाने करू नये. पुष्कळ सभासद दहा-पंधरा वर्षांची भरपाई एकदम करायला निघाल्यासारखे सर्वांत जाड आणि सर्वांत गाजलेले पुस्तक मागतात, महिनाभर उशाशी ठेवतात आणि दंड भरून परत करतात. त्यापेक्षा दोनशे पानांच्या आतले, सरळ सांगितलेले काही घ्यावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही आमची नेहमीची पहिली शिफारस आहे. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला एक तरुण मास्तर, ती माणसे आणि शेवटी पडणारा दुष्काळ एवढाच तिचा ऐवज आहे, वाक्ये लहान आहेत आणि एका रविवारात ती वाचून होते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) हीदेखील अशीच हात धरून नेणारी आहे, विशेषतः ज्यांची नववी-दहावी आणीबाणीच्या आगेमागे झाली त्यांना. कादंबरी नकोच असेल, तर पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' कोठेही उघडावे आणि एक वल्ली वाचून मिटावे.

सभासदाला आम्ही "कोणते पुस्तक आवडले?" असे विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला माणसे शोभेल असे उत्तर देतात. "शेवटपर्यंत वाचून झालेले शेवटचे पुस्तक कोणते?" असे विचारले की खरे उत्तर मिळते, मग ते व. पु. काळे यांचे 'पार्टनर' असो किंवा बारावीत वाचलेली एखादी रहस्यकथा असो. पुढचे पुस्तक त्याच्या शेजारचे निवडावे.

कपाटासमोर उभे राहून पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो आणि प्रस्तावना पुष्कळदा लेखकाच्या स्नेह्याची असते, म्हणून त्या दोन्हींवर विसंबू नये. पहिले प्रकरणही थोडे फसवे असते, कारण त्यावर लेखकाने सर्वांत जास्त हात फिरवलेला असतो. पुस्तक साधारण एक तृतीयांशाच्या जागी उघडावे आणि तेथील चार पाने उभ्याउभ्या वाचावीत. कादंबरी असेल तर संवाद पाहावेत. बोलणाऱ्यांची नावे बोटाने झाकली आणि तरीही कोण बोलते आहे ते कळले, तर पुस्तक घरी न्यायला हरकत नाही. माहितीपर पुस्तक असेल तर एखादे ठाम विधान निवडून ते कोणी, केव्हा आणि कशावरून केले आहे याचा त्याच पानावर पत्ता लागतो का, ते पाहावे.

वाचनालयातील प्रतीला आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे तिची खालची कड. पुस्तक मिटून ते उजेडाकडे आडवे धरावे. आमच्याकडील 'स्वामी'ची प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली आहे. याउलट एका बहुचर्चित जाडजूड कादंबरीची कड पहिल्या बोटभर जाडीत काळपट आणि त्यापुढे बांधणीतून आजच आल्यासारखी पांढरी आहे. वीस-बावीस जणांनी ती नेली आणि बहुतेक सर्वांनी जवळजवळ त्याच जागी हात टेकले, हे ती कडच सांगते. अखेरच्या पानावर चिकटवलेल्या कागदावरचे तारखांचे शिक्केही वाचण्यासारखे असतात. चार दिवसांत परत आलेले पुस्तक एकतर फार आवडलेले असते किंवा मुळीच न आवडलेले, आणि यांपैकी काय झाले ते पुन्हा कडेवरून कळते. अर्थात ही साक्ष इतरांची आहे. माझी स्वतःची दोन-तीन अत्यंत आवडती पुस्तके आजही कोऱ्या कडेची आहेत.

ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतात. त्या वाचून इतिहास समजतो असे मानावे का?

हा प्रश्न पूर्वीपासून येतो, पण २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' हा चित्रपट लागल्यानंतर तो रोज येऊ लागला आणि शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या मूळ कादंबरीसाठी आम्हाला प्रतीक्षायादीची वेगळी वही घालावी लागली. उत्तर असे की कादंबरी मनसोक्त वाचावी, मात्र तिला पुरावा म्हणून पुढे करू नये. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले, ही इतिहासाची नोंद आहे. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'त (१९६२) माधवराव आणि रमाबाई एकांतात जे बोलतात, ते टिपून घ्यायला तेथे कोणी कारकून बसलेला नव्हता. ते बोलणे देसाईंचे आहे, आणि ते इतके जमून गेले आहे की दोन-तीन पिढ्यांना तेच माधवरावांचे वाटते. कादंबरीकाराचे यश आणि वाचकाची अडचण अशी एकाच ठिकाणी असते.

म्हणून आम्ही जोडीने पुस्तके देतो. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) नेणाऱ्याला त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे 'पानिपत : १७६१' सुचवतो. कादंबरीत १४ जानेवारीच्या दिवसाचा धुरळा डोळ्यांत जातो, तर शेजवलकरांकडे त्या मोहिमेचे राजकारण, रसद आणि चुका यांचा हिशेब मिळतो. दोन्ही वाचलेला सभासद पुढच्या खेपेला वेगळेच प्रश्न घेऊन येतो, असा अनुभव आहे.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर ही जोडी अधिकच गरजेची ठरते. त्यांचा मृत्यू १६८९ साली झाला आणि त्यांची व्यसनी, उधळ्या राजपुत्र ही प्रतिमा ज्या चिटणीस बखरीवर मोठ्या प्रमाणात उभी राहिली, ती सव्वाशे वर्षांच्या अंतराने लिहिली गेली. नाटककारांनी ती प्रतिमा उचलून घेतली आणि लोकांनी ती नाट्यगृहातून घरी नेली. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदपत्रांच्या आधारे लिहिलेले चरित्र १९६० साली आले, डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' त्यानंतर आले, आणि या संशोधनाने बदललेल्या प्रतिमेवर पुढे कादंबऱ्या व चित्रपट उभे राहिले. वाचक मात्र ही शिडी वरून खाली उतरतो, म्हणजे आधी चित्रपट, मग कादंबरी, आणि तोपर्यंत चाळीस दिवस गेल्यामुळे बेंद्रे राहूनच जातात. शक्य असेल त्याने निदान गोखले यांचे पुस्तक तरी शेवटपर्यंत वाचावे.

पौराणिक कादंबऱ्यांनाही हेच लागू आहे. सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची आहेत. पहिल्यातील कर्ण वाचून डोळे ओले झाले असतील, तर दुसऱ्यातील कर्णावरचा लेख अवश्य वाचावा. तेथे बाई त्याला कसलीही सवलत देत नाहीत. आणि इतिहासाच्या नावाने चाललेल्या एकूणच गंभीर चेहऱ्याचा कंटाळा आला असेल, तर नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' घ्यावी. अठराव्या शतकातला एक खट्याळ, संधिसाधू माणूस आपली हकिगत सांगतो आहे असा तिचा थाट असून मोठमोठ्या घटना त्यात बाजूच्या बोळातून दिसतात.

'कोसला' तीन वेळा सुरू केली, पण पुढे जात नाही. आपल्यातच काही कमी आहे का?

नाही. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीत पुढे काय झाले या उत्सुकतेवर चालणारे कथानक जवळजवळ नाही, आणि तसे कथानक अपेक्षून बसलेला वाचक हमखास अडखळतो. पांडुरंग सांगवीकर स्वतःबद्दल, वसतिगृहाबद्दल, गावाबद्दल तिरकस बोलत राहतो आणि त्या बोलण्याची लय कानाला सापडली तरच पुस्तक उलगडते. म्हणून चौथ्या वेळी दहा पाने मोठ्याने वाचून पाहावीत. हसू आले तर पुढे जावे, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग येईपर्यंत तरी सोडू नये. तरीही जमले नाही तर खुशाल परत करावे. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाचे पुस्तक अर्धवट सोडल्याची नोंद आमच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

सर्वसाधारण नियम म्हणून आम्ही सांगतो की दोनदा मुदतवाढ घेऊनही जे पुस्तक निम्मे झालेले नाही, ते तिसऱ्यांदा वाढवू नये. पाच वर्षांनी तेच पुस्तक सहज वाचून होते, असेही पुष्कळदा घडलेले आहे.

साहित्य अकादमी पुरस्कार किंवा पंचविसावी आवृत्ती पाहून पुस्तक घेणे कितपत बरोबर?

पुरस्काराचा अर्थ एवढाच की त्या वर्षी काही जाणकारांना ते पुस्तक महत्त्वाचे वाटले. तो मिळालेली पुस्तके एका जातीची नसतात. 'व्यक्ती आणि वल्ली'लाही तो मिळाला आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'लाही, पण एक आवडलेल्याला दुसरे आवडेलच असे कोणी सांगू शकणार नाही. पुरस्काराचा खरा उपयोग असा की एरवी आपल्या नजरेस न पडणारा प्रदेश त्यामुळे दिसतो. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' शेतकरी घराची घुसमट ज्या तपशिलाने सांगते, तो तपशील बातमीत येत नाही. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा पुरस्कार जाहीर झाल्यावर आमच्याकडे ते नाव प्रथमच विचारले गेले.

आवृत्तीच्या आकड्याला मात्र फारसे महत्त्व देऊ नये. एक आवृत्ती किती प्रतींची, हे पुस्तकावर बहुधा छापलेले नसते. ती पाचशेची असू शकते किंवा पाच हजारांची. त्याऐवजी पहिली आवृत्ती कोणत्या साली आली आणि शेवटचे पुनर्मुद्रण केव्हा झाले, हे दोन आकडे पाहावेत. साठ वर्षांपूर्वीचे पुस्तक मागच्या वर्षी पुन्हा छापावे लागले असेल, तर कोणीतरी ते अजून मागते आहे.

रहस्यकथा, भयकथा वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे का?

असे म्हणणाऱ्या कित्येकांनी लहानपणी बाबूराव अर्नाळकर दप्तरात लपवून वाचलेले असतात. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड या त्यांच्या नायकांनी ज्यांना वाचनाची चटक लावली त्यांतलेच पुष्कळ जण पुढे गंभीर साहित्याचे वाचक झाले. भयकथेत नारायण धारप आणि गूढकथेत रत्नाकर मतकरी ही दोन नावे नव्या वाचकाने आलटून पालटून घ्यावीत. धारप अमानवी शक्तीला थेट घरात आणतात, तर मतकरींची भीती बऱ्याचदा माणसाच्या मनातच दबा धरून असते. विज्ञानकथा हवी असेल तर जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी'पासून आरंभ करावा.

येथे एका गोंधळाचा खुलासा करणे भाग आहे. 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट पाहून पुष्कळ तरुण सभासद श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' मागतात आणि दोन जाड खंड पाहून दचकतात. त्या कादंबरीत चित्रपटातला राक्षसी हस्तर नाही आणि पुरलेले सोनेही नाही. ती जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. चित्रपटाने गावाचे नाव तेथून घेतले, पण त्याचे मूळ बीज धारपांच्या एका कथेत आहे. भीती हवी असेल त्याने धारपांच्या कपाटाकडे वळावे. कोकण हवे असेल त्याने खोतांचे दोन्ही खंड न्यावेत, आणि पावसाळ्यात न्यावेत.

आत्मचरित्रे वाचायची आहेत. कोठून सुरुवात करावी?

मराठी वाचकाला कथा-कादंबऱ्यांहूनही ज्या बाबतीत अधिक श्रीमंत वारसा मिळालेला आहे, ते हे कपाट आहे, आणि नेमके हेच सर्वांत कमी हलते. सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने करावी. कवी नारायण वामन टिळक यांची ही पत्नी. शिक्षण म्हणावे असे झालेले नाही, नवरा विक्षिप्त, त्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ताटातूट, मग पुन्हा एकत्र संसार. एवढे सगळे सोसलेली बाई ते सांगताना पानोपानी हसवते आणि स्वतःची कीव कोठेही करत नाही. १९३४ ते १९३६ या काळात हे लेखन पुस्तकरूपाने भागाभागांनी आले. आज बाजारात ते निरनिराळ्या रूपांत मिळते, तेव्हा घेताना मुखपृष्ठाच्या आत 'संक्षिप्त' असा शब्द नाही ना, याची खात्री करावी. संक्षेपात नेमक्या त्याच गमती गळतात ज्यांसाठी ते वाचायचे.

त्याहून जुने हवे असेल तर विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' आहे. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे गेला आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडला. कर्ज फेडायला निघालेला माणूस किल्ल्यावरचा तोफांचा मारा पाहतो, लुटला जातो आणि परतताना गंगेच्या कावडी आठवणीने आणतो. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली छापलेली प्रत संपादित होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. शक्यतो मूळ पाठाची आवृत्ती शोधावी.

त्यानंतर दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८, ग्रंथाली) हे दलित आत्मकथन घ्यावे. या पुस्तकापासून मराठी आत्मकथनाची दिशाच बदलली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही त्यामागून यावीत. ही सगळी ओळीने वाचू नयेत असा माझा सल्ला आहे, कारण वाचक दुःखाला सरावतो आणि मग पाचव्या पुस्तकातला माणूस त्याला चौथ्यासारखाच दिसू लागतो, हा त्या लेखकावर अन्याय होतो. मध्ये काही वेगळे वाचून परत यावे. 'आयदान'मधले कोकण आणि पेंडशांचे कोकण एकामागून एक वाचले, तर एकाच लाल मातीवर दोन निरनिराळे पाऊस पडलेले दिसतात.

लेखकाच्या घरातील व्यक्तीने लिहिलेले हवे असेल, तर सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) आहे. मात्र त्यात पु. ल. यांचे किस्से शोधायला जाऊ नये.

अनुवादित पुस्तक चांगले आहे हे कसे ओळखावे?

अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर आहे, आतल्या पानावर आहे की कोठेच नाही, हे आधी पाहावे. ज्या प्रकाशकाला अनुवादकाचे नाव सांगावेसे वाटत नाही, त्याच्या अनुवादाची खात्री कोणी द्यावी? दुसरे म्हणजे मूळ भाषा कोणती आणि अनुवाद थेट तिच्यातून झाला की इंग्रजीवरून, याचा उल्लेख शोधावा. इंग्रजीवरून केलेला अनुवाद वाईटच असतो असे नाही, पण मग तो सावलीची सावली आहे हे ठाऊक असावे. तिसरी कसोटी चार पानांची आहे. "त्याने आपले खांदे उडवले" किंवा "तिने एक खोल श्वास घेतला" अशी वाक्ये पानोपानी भेटली, तर मराठी शब्दांच्या आड दुसरीच भाषा बोलते आहे असे समजावे.

शेजारच्या भाषांतून आलेले अनुवाद आम्हाला अधिक भरवशाचे वाटतात. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून आणलेली एस. एल. भैरप्पा यांची 'वंशवृक्ष' आणि 'पर्व' ही आमच्याकडे मराठी कादंबऱ्यांसारखीच फिरतात, आणि कित्येक सभासद भैरप्पांना मराठी लेखक समजतात. अनुवादासाठी याहून मोठे प्रशस्तिपत्र नसावे. थरारक सत्यकथा हवी असणाऱ्यांना रवींद्र गुर्जर यांनी मराठीत आणलेली 'पॅपिलॉन' आजही चालते.

विज्ञान, अर्थकारण, निसर्ग अशा विषयांवर मराठीत सामान्य वाचकासाठी काय आहे?

बरेच आहे, पण निवडताना थोडी कसोशी लागते. आपल्याकडील माहितीपर पुस्तकांत दोन उणिवा सर्रास आढळतात. शेवटी नामसूची नसते आणि मजकुरात संदर्भ नसतात. नामसूची नसणे हा आळस मानून सोडून द्यावा, पण ज्या पुस्तकात आकडे आहेत आणि ते कोठून आले याचा मागमूस नाही, ते पुस्तक गप्पा म्हणून वाचावे.

तेल आणि जागतिक राजकारण यांचा संबंध समजून घ्यायला गिरीश कुबेर यांचे 'हा तेल नावाचा इतिहास आहे' हे वेगवान पुस्तक आहे. अच्युत गोडबोले यांनी विज्ञान, अर्थशास्त्र आणि उद्योग या विषयांत मराठी वाचकाला जड पाठ्यपुस्तकांशिवाय आत नेले. त्यांचे 'किमयागार' प्रकरणे सुटी सुटी वाचता येतात म्हणून सोयीचे पडते. निसर्गात दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) महिन्याला एक लेख या हिशेबाने, म्हणजे चैत्रात चैत्र असे वाचावे, आणि जंगलाची ओढ असेल त्याने मारुती चितमपल्ली यांचे 'चकवाचांदण' घ्यावे. अनिल अवचट यांचे 'माणसं' ज्याने वाचले नाही, त्याला वर्तमानपत्रापलीकडचे वार्तांकन कसे असते याची कल्पना येणार नाही. हमाल, विडी कामगार, भटके अशा लोकांकडे ते वही घेऊन गेले आणि पाहिले तेवढेच लिहिले.

प्रेरणादायी आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके घ्यावीत का?

एक घ्यावे. दुसऱ्यात बहुतेक तेच असते.

मुलगा मोबाइल सोडत नाही. त्याला कोणते पुस्तक द्यावे?

पालकांनी निवडलेले संस्कारक्षम पुस्तक तो वाचणार नाही, हे प्रथम मान्य करावे. त्याला कपाटासमोर एकटे सोडावे आणि तो जे उचलील ते नावावर टाकावे. आम्ही फार तर भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' त्याच्या नजरेच्या उंचीवर ठेवतो. फुरसुंगीचा बनेश फेणे अजूनही सायकलवरून जातो आणि मुले अजूनही मागे धावतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे मोबाइल हातात असतानाच ते दाखवता येतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलींना वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) द्यावे. गुलामीत जन्मलेला एक अनाथ मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ कसा झाला ही हकिगत उपदेशाचा एक शब्द न वापरता बरेच काही करून जाते.

दिवाळी अंकांचा पुस्तके निवडायला काही उपयोग होतो का?

फार होतो. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या लेखकाची पहिली गाठ वाचकाला बहुधा दिवाळी अंकातच पडते. एका अंकात पंधरा-वीस लेखक थोड्या पैशांत चाखता येतात. आवडलेल्या कथेच्या लेखकाचे नाव वहीत टिपून ठेवावे आणि उन्हाळ्यात त्याचा संग्रह शोधावा. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत थोडी वेगळी वर्गणी भरून सगळे अंक आलटून पालटून वाचायला मिळतात. मात्र डिसेंबर उजाडेपर्यंत चांगल्या अंकांवर रांग असते.

पुस्तक विकत घ्यावे की वाचनालयातून आणावे? व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पीडीएफचे काय?

आधी आणावे, आणि दुसऱ्यांदा वाचावेसे वाटले तर विकत घ्यावे. विकत घेताना प्रकाशनपूर्व सवलत, ग्रंथप्रदर्शने आणि दिवाळीच्या योजना यांचा लाभ घ्यावा. पदपथावर निम्म्या किमतीत मिळणारी गाजलेली कादंबरी पुष्कळदा चोरून छापलेली असते. कागद पातळ, समास वाकडा आणि एखाद-दुसरे पान गायब असते. मीही एकदा अशी प्रत घेतली होती, आणि तिच्यात नायकाला ज्या पानावर गोळी लागते नेमके तेच पान नव्हते.

पीडीएफच्या बाबतीत कायदा साधा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क असतो. सानेगुरुजी १९५० साली वारले, त्यामुळे 'श्यामची आई' आता कोणीही छापू शकतो आणि म्हणूनच ते इतक्या प्रकाशकांकडे इतक्या निरनिराळ्या किमतींना मिळते. ह. ना. आपटे आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखनही मुक्त आहे. हयात लेखकाच्या कादंबरीची गटागटांतून फिरणारी पीडीएफ ही चोरी आहे, आणि ती पाठवणारे आमचेच सभासद असतात, म्हणून हे येथे लिहावे लागते.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. मराठी पुस्तके कशी निवडावीत आणि मिळवावीत?

गोव्यातील वाचकांना पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सोय आहे. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. गोव्याच्या वाचकाने महादेवशास्त्री जोशी यांचे 'आत्मपुराण' आपल्या भागाची हकिगत म्हणूनही वाचावे. परदेशात बुकगंगासारख्या संकेतस्थळांवरून छापील आणि ई-पुस्तके मागवता येतात आणि त्यांतील नमुना पाने आधी वाचून पाहता येतात, तेव्हा वर सांगितलेली चार पानांची कसोटी तेथेही लावता येते. नाशिकहून २००९ साली सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या ग्रंथपेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचलेल्या आहेत. पेटीत काय येईल ते आपल्या हाती नसते, आणि एरवी कधीच न उचललेले पुस्तक त्यामुळे वाचून होते.

वडिलांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल?

मोठ्या टाइपात छापलेली मराठी पुस्तके फार थोडी आहेत. ई-पुस्तकातील अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, पण ज्यांना पडद्याची सवय नाही त्यांना ते रुचत नाही. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तके ऐकता येतात. ऐकण्यासाठी निवडताना पात्रे थोडी आणि प्रकरणे लहान असलेले पुस्तक घ्यावे, नाहीतर डुलकीनंतर धागा सापडत नाही. या कामी 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे' आणि मतकरींच्या कथा चांगल्या ठरल्या आहेत. घरात वाचून दाखवणारे कोणी असेल तर सर्वांत उत्तम. आमचे एक सभासद रोज रात्री जेवणानंतर वडिलांना वीस मिनिटे वाचून दाखवतात आणि त्यासाठी पुस्तके निवडायला वडीलच काठी टेकत येतात. अशा सभासदांना दोनाऐवजी तीन मुदतवाढी दिल्या जातात, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.